प्रकरण ७ : उबंटू ठेवू, की दुसरे काही टाकू?

“लॅपटॉपवर उबंटू आहे. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, मामा, मिंट टाका. मित्र म्हणतो फेडोरा. सगळं फुकटच आहे, तर बदलून बघू का?”

विंडोज सोडून लिनक्सकडे यावे का, यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पण लिनक्सकडे आल्यावर पुढे काय, यावर त्या मानाने कमी. आलेला माणूस गोंधळतो, कारण समोर शेकडो नावे असतात, सगळी फुकट, आणि प्रत्येक नावामागे त्याचा एखादा कट्टर भक्त असतो. या प्रकरणात आपण हा प्रश्न अक्कलकोटमधून पाहू. कारण साधे आहे. हा तालुका कर्नाटकच्या सीमेवर आहे, इथे एकाच घरात, एकाच शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. संगणक बिघडला तर जाणकार माणूस शोधायला अनेकदा चाळीसेक किलोमीटरवरच्या सोलापूरला जावे लागते. इंटरनेट बहुतेकांचे मोबाइलवरचे. महानगरात बसून दिलेला सल्ला अशा ठिकाणी टिकतो का, हे तपासायला हवे.

१. बदलतो म्हणजे नेमके काय बदलतो?

लिनक्स हे खरे तर फक्त गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट बोलणारा आणि बाकीच्या प्रोग्रामना त्यांचा त्यांचा वाटा देणारा हा भाग. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. नुसत्या गाभ्यावर एक अर्जही टाइप होत नाही. त्याभोवती फाइली हाताळणारी साधने लागतात. त्यांपैकी बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून आली. मग खिडक्या आणि मेनू दाखवणारा डेस्कटॉप हवा, ब्राउझर हवा, ऑफिस हवे, फॉन्ट हवेत. हे सगळे निवडून, एकमेकांशी जुळते का ते तपासून, इन्स्टॉल करता येईल असे एकत्र बांधून जे दिले जाते, त्याला डिस्ट्रो म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे ज्वारीवरून चटकन कळेल. मंगळवेढ्याची मालदांडी एकच. तिच्या पिठाची कुणी मऊ भाकरी करतो, कुणी कित्येक दिवस टिकणारी कडक भाकरी, कुणी धपाटी. दाणा तोच, करणारा हात वेगळा, आणि टिकण्याची मुदत वेगळी. डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा या सगळ्यांत लिनक्सचा दाणा तोच आहे. फ्रीबीएसडीचा मात्र दाणाच निराळा. तीही १९९३ पासून चालत आलेली, उत्तम आणि पूर्णपणे खुली प्रणाली आहे, पण तिचा गाभा लिनक्स नाही. सर्व्हरवर ती नाव कमावून आहे. लॅपटॉपवर वायफायसारख्या गोष्टींत लिनक्सच्या मागे राहिली. घरच्या वापरासाठी मी ती सुचवणार नाही, म्हणून तिचा विषय इथेच सोडतो.

आता घराणी. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केले. ते आजही स्वयंसेवक चालवतात. उबंटू २००४ मध्ये डेबियनमधून निघाले. त्यामागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. मिंट २००६ मध्ये उबंटूवरून तयार झाले. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी काढलेले बॉसही डेबियनवरच बेतलेले. या सगळ्यांत प्रोग्रामचे गठ्ठे ‘डेब’ नावाच्या एकाच पद्धतीने बांधलेले असतात. फेडोरा हे २००३ पासूनचे, रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावर चालणारे दुसरे घराणे. त्याचे गठ्ठे ‘आरपीएम’ पद्धतीचे.

घराण्याचा हा फरक कामाचा आहे. एखाद्या कंपनीने डिजिटल सहीच्या टोकनचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्ससाठी दिला, तर तो ‘डेब’ आहे की ‘आरपीएम’, हे आधी पाहावे लागते. उबंटूवरून मिंटवर गेलात तर तोच गठ्ठा बहुधा चालतो. फेडोरावर गेलात तर दुसरा शोधावा लागतो, आणि तो कंपनीने दिलेला असेलच असे नाही.

२. अक्कलकोटच्या कोर्टात कोणते लिनक्स?

अक्कलकोटमध्ये कुणी लिनक्स वापरत असेल का, असे वाटणाऱ्यांनी तालुका न्यायालयाकडे पाहावे. देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने उबंटू निवडले. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी ते गरजेप्रमाणे जुळवून घेतले आणि हजारो न्यायिक अधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले. खटल्यांच्या तारखा, नोंदी, निकाल सांभाळणारे सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुण्यातील केंद्रात तयार झाले, तेही ओपन सोर्स साधनांवर. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. सोलापूर जिल्हा न्यायालयाच्या कक्षेतली तालुका न्यायालये, अक्कलकोट धरून, याच व्यवस्थेत येतात.

यात आपल्यासाठी लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. न्यायालयांत उबंटू आल्यापासून डिस्ट्रोच्या लोकप्रियतेच्या याद्या कितीदा वरखाली झाल्या. कधी मिंट वर, कधी मांजारो, कधी आणखी कुणी. न्यायालये उबंटूच्या एका लांब मुदतीच्या आवृत्तीवरून त्याच्याच पुढच्या लांब मुदतीच्या आवृत्तीवर गेली. ज्यांच्याकडे हजारो टेबले आहेत, त्यांनी घराणे न बदलता वय तेवढे वाढू दिले. मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो, आणि एका टेबलाच्या मालकालाही तो लागू पडतो.

३. आधी तारीख पाहा

डिस्ट्रोच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. त्या मुदतीपर्यंत सुरक्षेच्या चुका सापडल्या की दुरुस्त्या फुकट येतात. मुदत संपली की संगणक चालतो, पण दुरुस्त्या थांबतात. नेटबँकिंग, आधार, कोर्टाची ई-फायलिंग ज्या संगणकावर होते, तो अशा अवस्थेत ठेवू नये.

उबंटूच्या आवृत्तीच्या नावातच साल आणि महिना असतो. २२.०४ म्हणजे एप्रिल २०२२. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची, म्हणतात. तिला ५ वर्षे सपोर्ट मिळतो. म्हणून २०.०४ ची मुदत मे २०२५ मध्ये संपली. २२.०४ ची २०२७ मध्ये, २४.०४ ची २०२९ मध्ये संपेल. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभे आहे, म्हणून त्याचीही मुदत २०२९. डेबियनची प्रत्येक आवृत्ती साधारण तीन वर्षे पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षे मर्यादित सपोर्ट, अशी पाच वर्षे चालते. फेडोराची आवृत्ती मात्र सुमारे १३ महिनेच.

हिशेब करून पाहू. एक संगणक पाच वर्षे वापरायचा आहे. उबंटू किंवा मिंट असेल तर त्या काळात एकदा मोठे अपग्रेड केले तरी भागते. फेडोरा असेल तर ६० महिने भागिले १३, म्हणजे चार-पाच वेळा. प्रत्येक अपग्रेडला दोन-तीन गिगाबाइट डाउनलोड आणि नंतर प्रिंटर, स्कॅनर पुन्हा तपासणे. ज्याला नवेपणाची आवड आहे त्याला हा त्रास वाटणार नाही. ज्याला सोमवारी सकाळी दावा दाखल करायचा आहे, त्याला वाटेल.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. उबंटू प्रो ही वाढीव मुदतीची सेवा वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत फुकट मिळते आणि एलटीएसचा सपोर्ट दहा वर्षांपर्यंत नेते. म्हणजे २०.०४ वर सगळे सुरळीत चाललेले असेल, तर घाईने काहीच न बदलता खाते उघडून मुदत वाढवता येते. बदलाचा विचार त्यानंतर सवडीने करावा.

४. बदलायचे आहे ते दिसणे, की प्रणाली?

‘मिंट छान आहे’ असे म्हणणाऱ्याला नेमके काय आवडले ते विचारा. बहुतेकदा उत्तर येते : खाली डाव्या कोपऱ्यात मेनू आहे, विंडोजसारखे वाटते, हलके चालते. हे तिन्ही गुण डिस्ट्रोचे कमी, डेस्कटॉपचे जास्त.

डेस्कटॉप हा वेगळा थर आहे. उबंटूबरोबर मुळात नोम येतो, मिंटबरोबर सिनॅमन, मेट किंवा एक्सएफसीई. पण उबंटूवर एक्सएफसीई घालता येतो, डेबियनवर सिनॅमन घालता येतो. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप ठेवून, लॉगिन करताना हवा तो निवडता येतो. म्हणजे दिसण्यासाठी सगळी प्रणाली उपटून काढण्याची गरज नाही.

तसेच, ‘माझे लिब्रेऑफिस जुने आहे, फेडोरावर नवे मिळते’ ही तक्रार. एके काळी ती खरी होती. आता फ्लॅटपॅक नावाची पद्धत आहे : प्रोग्राम आपल्याला लागणारे बहुतेक भाग बरोबर घेऊन येतो, खालची डिस्ट्रो जुनी असली तरी त्याला फरक पडत नाही. डेबियनच्या शांत, जुन्या पायावर अगदी ताजे लिब्रेऑफिस चालवता येते. उबंटूने याच कामासाठी स्नॅप नावाची स्वतःची पद्धत काढली आणि २२.०४ पासून फायरफॉक्सही स्नॅपमधूनच दिला. जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ लावत असे, आणि त्यावर लोक चिडले. मिंटने २०२० मध्येच स्नॅप मुळातून बंद ठेवले. हे मात्र डिस्ट्रो बदलण्याचे खरे कारण होऊ शकते, कारण इथे फरक धोरणाचा आहे.

आणि हलकेपणाबद्दल एक स्पष्ट मत. चार गिगाबाइट रॅम आणि फिरती हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपवर डिस्ट्रो बदलून जो फरक पडतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक ती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने पडतो. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडली की मिंट काय आणि उबंटू काय, मेमरी ब्राउझरच खातो. पैसे थोडे असतील तर आधी एसएसडी घ्या.

५. निर्णय प्रिंटरच्या हाती असतो

डिस्ट्रोंची तुलना करणाऱ्या व्हिडिओंत प्रिंटर सहसा नसतो. तालुक्याच्या गावात मात्र खरी परीक्षा तोच घेतो. झेरॉक्सचे दुकान, वकिलाचे टेबल, शाळेचे ऑफिस, सगळीकडे शेवटी कागद बाहेर यावा लागतो.

लिनक्सवर छपाईचे काम कप्स ही व्यवस्था सांभाळते आणि ती सगळ्या डिस्ट्रोंत एकच आहे. फरक पडतो ड्रायव्हरमध्ये. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या सॉफ्टवेअरवर चालतात. पण लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलांना एक जास्तीचा जोड, प्लगइन, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो जोड आणि एचपीलिप यांचे आवृत्ती क्रमांक तंतोतंत जुळावे लागतात. म्हणून डिस्ट्रो बदलली किंवा मोठे अपग्रेड केले की तोच प्रिंटर अचानक गप्प होतो. बिघाड काहीच नसतो, फक्त नवा जोड घ्यायचा राहिलेला असतो.

कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडच्या दुकानांत घर करून बसलेला प्रिंटर. त्याची भाषा कॅननची स्वतःची, कॅप्ट नावाची. लिनक्ससाठी कंपनीने दिलेला ड्रायव्हर जुना आहे आणि ६४-बिट संगणकावर त्याला ३२-बिटचे जुने भाग सोबत लागतात. हे एकदा कष्टाने बसवलेले असेल, तर घराणे बदलण्याआधी दहा वेळा विचार करा. एपसनच्या एल मालिकेतील शाईच्या टाकीचे बरेच प्रिंटर मात्र कोणत्याही नेहमीच्या डिस्ट्रोवर फारशी कटकट न करता चालतात.

यावर उपाय सोपा आहे. कोणतीही डिस्ट्रो पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकात काही न बदलता, तिथूनच चालवता येते. तिला लाइव्ह म्हणतात. लाइव्ह चालू करा, प्रिंटर जोडा, एक पान छापा. मग वायफाय, आवाज, स्कॅनर पाहा. ज्या डिस्ट्रोने लाइव्हमध्ये पान छापले नाही आणि ज्याचा उपाय तुम्हाला तासाभरात सापडला नाही, ती तुमच्या टेबलासाठी नाही. वायफायच्या बाबतीत डेबियनबद्दलची जुनी भीती आता सोडायला हरकत नाही. पूर्वी वायफायचे कंपन्यांचे बंदिस्त भाग डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते त्यातच येतात.

६. मराठी, आणि इथे कन्नडही

अक्षरे नीट जुळवून दाखवण्याचे काम, म्हणजे ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ करणे, वेलांटी योग्य जागी नेणे, लिनक्सवर हार्फबझ नावाचा भाग करतो. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसही तोच वापरतात. म्हणून एका डिस्ट्रोवर मराठी चांगली दिसते आणि दुसरीवर तुटते असे म्हणणारा बहुधा फॉन्टच्या फरकाला डिस्ट्रोचा फरक समजत असतो. रेड हॅटच्या पुण्यातील गटाने वर्षानुवर्षे सांभाळलेला लोहित, गूगलचा नोटो, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि कुठल्याही डिस्ट्रोवर बसतात.

लाइव्ह चालू असतानाच एक ओळ टाइप करून पाहा : ‘ॲड. कुलकर्णी यांच्या दुसऱ्या अर्जावर शाळेचा शिक्का व ज्ञापन.’ ‘ॲ’ उमटतो का, ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट वळतो का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात का, एवढे पाहिले की पुरे. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा. अनेक फॉन्ट त्यावरूनच आकार निवडतात.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करायचे कीबोर्ड सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंत आहेत. सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायचे, बस. अक्कलकोटला इनस्क्रिप्टचा एक जास्तीचा लाभ आहे. १९८६ मध्ये ठरवलेल्या या कीबोर्डमध्ये भारतीय भाषांतील एकाच उच्चाराचे अक्षर एकाच कळीवर असते. ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर कन्नडचा क. म्हणजे ज्या शिक्षकाची बोटे मराठी इनस्क्रिप्टवर बसली आहेत, त्याला कन्नडसाठी दुसरा कीबोर्ड शिकावा लागत नाही. दोन्ही भाषा जोडायच्या आणि कळ दाबून बदलायच्या. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माध्यमे चालणाऱ्या या तालुक्यात ही सोय मला कुठल्याही सुंदर डेस्कटॉपपेक्षा मोठी वाटते.

खरी अडचण जुन्या फाइलींची आहे. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसलेला असतो. तो फॉन्ट नसला की पडद्यावर अगम्य चिन्हे दिसतात. कोणत्याही डिस्ट्रोवर गेलात तरी हे होणारच. तेव्हा डिस्ट्रो बदलण्याच्या आधी कामाच्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. लग्नपत्रिका, अहवाल छापणाऱ्या डीटीपी दुकानदाराला मात्र मी वेगळाच सल्ला देईन. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर रोजचा धंदा असेल, तर त्या संगणकावर कुठलीच डिस्ट्रो घालू नका. स्क्रायबस हे खुले सॉफ्टवेअर आता देवनागरी नीट जुळवते. दुसऱ्या, सुट्या संगणकावर त्याचा सराव करा, आणि हात बसल्यावर ठरवा.

७. मोठ्यांनी डिस्ट्रो कधी बदलली?

डिस्ट्रो बदलणारे मोठेही आहेत, आणि त्यांची कारणे पाहण्यासारखी आहेत. गूगलमध्ये कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर अनेक वर्षे उबंटू एलटीएसवर बेतलेली गूबंटू होती. दर दोन वर्षांनी येणारे मोठे अपग्रेड सगळ्या संगणकांवर पोहोचवण्यात जवळपास एक वर्ष जाई. एक संपेपर्यंत दुसरे दाराशी. म्हणून ते २०१८ च्या सुमारास डेबियनच्या सतत ताज्या होत राहणाऱ्या शाखेवर बेतलेल्या जीलिनक्सवर गेले, जेणेकरून मोठ्या उडीऐवजी रोज छोटे पाऊल पडावे. कारण नेमके होते, आणि ते सांभाळायला त्यांच्याकडे अभियंत्यांची फौज होती.

केरळमध्ये शाळांच्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने आधी डेबियनवर, नंतर उबंटूवर बेतलेली आपली आवृत्ती काढली. मुलांना हा बदल फारसा जाणवला नाही, कारण ती जी ऑफिस, चित्रकला, भूमितीची साधने वापरत होती, ती दोन्हीकडे तीच होती. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने आधी प्रोग्राम, मग प्रणाली हा क्रम मुद्दाम पाळला : २००५ मध्ये ओपनऑफिस, २००६ मध्ये फायरफॉक्स, आणि त्यानंतर २००८ पासून उबंटू. माणसाचा हात प्रोग्रामवर बसतो. प्रोग्राम तेच राहिले तर खालची प्रणाली बदलणे सोपे जाते.

कधी बदल लादलाही जातो. रेड हॅटच्या महागड्या प्रणालीची फुकट प्रतिकृती म्हणून सेंटओएस लोकप्रिय होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल, आधी सांगितल्यापेक्षा कित्येक वर्षे आधी. लोकांना धावपळ करावी लागली. यावरून मी एक पाहायला शिकलो : डिस्ट्रो कोण चालवते. डेबियनवर कुणा एका कंपनीचा ताबा नाही, आणि ज्याला वीस वर्षांचा भरवसा हवा आहे त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

८. फुकट बदलाला काय लागते?

डाउनलोडपासून सुरू करू. उबंटू २४.०४ ची फाइल सुमारे ६ गिगाबाइट, मिंट २२ ची जवळपास ३. मोबाइलवर रोजचा दीड गिगाबाइट मिळत असेल तर उबंटूला चार दिवसांचा डेटा, मिंटला दोन दिवसांचा. अर्थात, कुणाकडून पेनड्राइव्हवर आणणे हा गावातला जुना आणि चांगला मार्ग आहेच.

मग बॅकअप. डिस्ट्रो बदलताना नव्याने इन्स्टॉल करावे लागते, आणि त्यात चुकीचा एक पर्याय सगळी डिस्क पुसतो. समजा ९० गिगाबाइट फोटो, कागदपत्रे आहेत. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट जातात. ९०,००० भागिले ३०, म्हणजे ३,००० सेकंद, पन्नास मिनिटे. छोट्या फाइली खूप असतील तर दुप्पट धरा. हे काम वीज जाण्याच्या वेळेत करू नका, आणि कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली उघडून पाहा.

घरच्या फाइलींचा भाग, म्हणजे होम, वेगळ्या विभाजनावर असेल तर तो न पुसता नवी डिस्ट्रो घालता येते. पण तेच जुने वापरकर्त्याचे नाव देऊ नका. त्या फोल्डरमध्ये जुन्या डेस्कटॉपच्या लपलेल्या सेटिंग असतात आणि नव्याशी भांडतात. नवे नाव द्या, फाइली तिकडे हलवा. फायरफॉक्सचेही असेच. फेडोरावर तो ताजा असतो, डेबियनवर जुन्या स्थिर शाखेचा. नव्या फायरफॉक्सने वापरलेले प्रोफाइल जुना फायरफॉक्स स्वीकारत नाही. म्हणून बुकमार्क आणि पासवर्ड आधी बाहेर काढून ठेवा.

सगळ्यात महाग गोष्ट पैशात मोजता येत नाही : अडल्यावर विचारायला माणूस. आजूबाजूला दोघे मिंट वापरत असतील, तर तुमच्यासाठी मिंट चांगले, मग फेडोराची कितीही स्तुती ऐका. एकट्याने शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकायला मिळतात. ते बरेचसे उबंटू समोर ठेवून केलेले आहेत. शिकणाऱ्यासाठी उबंटू किंवा मिंटवर राहण्याचे हेही एक कारण.

९. तीन माणसे

समजा अक्कलकोट कोर्टात काम करणारे एक वकील आहेत. उबंटू २०.०४, चार गिगाबाइट रॅम, डिजिटल सहीचे टोकन, एचपीचा प्रिंटर. मुदत संपली आहे, म्हणून काहीतरी करणे भाग आहे. त्यांनी उबंटूवरच राहावे. आधी उबंटू प्रो घेऊन मुदत वाढवावी, एसएसडी बसवावी, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आधी २२.०४ आणि तिथून २४.०४ असे दोन टप्प्यांत जावे. मधली पायरी गाळून थेट उडी मारता येत नाही. संगणक जड वाटलाच तर एक्सएफसीई डेस्कटॉप घालावा. टोकनचा ‘डेब’ ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर चालतो का, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे.

समजा नागणसूरच्या बाजूच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत आणि शाळेत ३२-बिटचा जुना संगणक पडून आहे. उबंटू, फेडोरा आता ३२-बिटसाठी निघत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन १२ मात्र चालेल आणि त्याचा मर्यादित सपोर्ट २०२८ पर्यंत आहे. त्यावर हलका डेस्कटॉप, मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट, लिब्रेऑफिस. मुलांना टायपिंग शिकवायला एवढे पुरते. त्यावर ऑनलाइन वर्ग चालतील अशी आशा धरू नये. इथे बदल करणेच योग्य.

तिसरा, सोलापूरला इंजिनीअरिंगला जाणारा मुलगा. त्याला फेडोरा पाहायचे आहे, उद्या आर्च नावाची आणखी एक डिस्ट्रो. त्याला अडवू नका. शिकण्यासाठी केलेला बदल वाया जात नाही. पण घरच्या लॅपटॉपवर आईचे बँकेचे काम आणि बहिणीचे परीक्षेचे अर्ज होत असतील, तर ती प्रणाली तशीच राहू द्यावी. प्रयोग वेगळ्या एसएसडीवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू प्रणालीच्या आत उघडलेल्या दुसऱ्या संगणकात, करावेत.

तेव्हा सुरुवातीच्या मामांना माझे उत्तर असे. तुमच्या उबंटूची मुदत शिल्लक असेल, प्रिंटर कागद देत असेल आणि मराठी नीट उमटत असेल, तर बदलू नका. बदलावेसे वाटलेच तर त्याचे कारण एका वाक्यात कागदावर लिहा. ‘सगळे म्हणतात’ याखेरीज काही लिहिता आले, लाइव्हमध्ये पान छापून झाले आणि बॅकअप उघडून पाहिला, तर एखादा मोकळा रविवार धरा आणि मिंट टाका. भाच्याला मात्र त्या दिवशी फोनवर नव्हे, घरी बोलवा.